मीटर ते एसी : शेवटचे वीस मीटर

चंद्रपूरच्या वीज केंद्राकडून निघालेली ५०० किलोव्होल्टची एचव्हीडीसी वाहिनी ७५२ किलोमीटर अंतर कापून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला येते. पडघे म्हणजे शहापूरचा शेजार. १,५०० मेगावॉट वाहून नेण्याची क्षमता असलेल्या या वाहिनीवर आणि पडघ्याच्या केंद्रावर अभियंते रात्रंदिवस नजर ठेवून असतात. कुठे काही बिघडलं की क्षणभरात पुरवठा तोडणारी यंत्रणा तिथे बसवलेली आहे. अशा मोठ्या जाळ्यातूनच उपकेंद्र, ११ केव्हीचा फीडर, गावातली डीपी, खांब आणि सर्व्हिस वायर असे टप्पे घेत वीज घराच्या मीटरपर्यंत पोहोचते. तिथवर जबाबदारी महावितरणची. मीटरपासून भिंतीवरच्या एसीपर्यंतचे शेवटचे पंधरा-वीस मीटर मात्र घरमालकाचे, आणि सगळ्यात कमी लक्ष याच वीस मीटरांकडे दिलं जातं.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हा प्रश्न दरवर्षी थोडा अधिक मोठा होतो आहे. समुद्राचा वारा इथवर येईपर्यंत संपतो आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. कौलारू घरं जाऊन स्लॅबची घरं आली. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. आसनगाव, वासिंदला लोकलने ये-जा करणाऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, मुरबाडच्या आसपास सुट्टीपुरती वापरली जाणारी फार्महाऊसं झाली. पूर्वी डॉक्टरच्या दवाखान्यात नाहीतर बँकेत दिसणारा एसी आता हप्त्यावर घेता येतो आणि गावातल्या घरात बसतो. दुकानातून खोकं येतं, कंपनीचा फिटर येतो, दोन-तीन तासांत थंड हवा सुरू होते. ज्या वायरिंगवर तो एसी चालणार, ते मात्र बरेचदा घर बांधताना चार बल्ब, दोन पंखे आणि टीव्ही एवढाच हिशेब धरून केलेलं असतं.

फिटरचं काम यंत्र बसवणं आणि तांब्याच्या नळ्या जोडणं हे असतं. भिंतीतली वायर किती जाड आहे, अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत जातं का, हे तपासायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला एक चालू पावर प्लग दाखवला की त्याचं समाधान होतं. इथूनच धोका सुरू होतो.

वायर किती जाड?

दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना साधारण १,५०० ते १,८०० वॉट वीज घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर सात ते आठ अँपिअर. पंखा घेतो साधारण ७५ वॉट. म्हणजे एक एसी हा वीसहून जास्त पंख्यांचा भार आहे. पंखे एकाच वायरवर एकाच वेळी वीस नसतात, एसीचा भार मात्र एका जोडीवर सलग सात-आठ तास पडतो. जुन्या पद्धतीच्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना तर क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढतो.

जुने वायरमन आजही वायरला 'तीन-बावीस', 'सात-वीस' म्हणतात. बावीस गेजच्या तीन तारा म्हणजे साधारण सव्वा चौरस मिलिमीटर तांबं; वीस गेजच्या सात तारा म्हणजे साडेचार. आता दुकानात दीड, अडीच, चार एमएम अशी वायर मिळते. मीटरपासून एसी वीस मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन चाळीस मीटर तार होते. त्यात तीन-बावीसची वायर असेल, तर आठ अँपिअरला त्या तारेतच सुमारे ३७ वॉट उष्णता तयार होते. चार एमएमच्या वायरमध्ये हाच आकडा ११-१२ वॉटच्या आसपास राहतो. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंत टिकेल असं धरून बनवलेलं असतं. मे महिन्यात तापलेल्या स्लॅबमधल्या पाइपात, आणखी चार वायरींच्या गर्दीत ही वायर असते, तेव्हा ७० अंशांपर्यंतची मोकळीक आधीच बरीचशी संपलेली असते. आवरण एका रात्रीत वितळत नाही. ते दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होतं, तडकतं आणि मग एखाद्या दिवशी फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडतात.

म्हणून एसीसाठी मीटरजवळच्या बोर्डापासून थेट स्वतंत्र वायर ओढावी लागते. तिच्यावर दुसरा कुठलाही पॉइंट घ्यायचा नाही. एक टनाच्या एसीला आणि कमी अंतराला अडीच एमएम, दीड टन आणि त्यापुढे किंवा अंतर जास्त असेल तर चार एमएम तांब्याची, आयएसआय चिन्ह असलेली वायर, ही व्यवहारात चालत आलेली आणि सुरक्षित निवड आहे. जेवढा फेज जाड, तेवढाच न्यूट्रल. आणि सोबत हिरवी अर्थची वायर.

याच वायरच्या सुरुवातीला एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, बसतो. दीड टनाला सहसा 'सी' प्रकारचा १६ किंवा २० अँपिअरचा. कॉम्प्रेसरच्या सुरुवातीच्या झटक्याला तो उगाच पडत नाही. शॉर्ट सर्किट झालं तर मात्र लगेच पडतो. एमसीबी सारखा पडत असेल तर तो काहीतरी सांगतो आहे, हे ऐकायला हवं. त्याऐवजी ३२ अँपिअरचा एमसीबी लावून टाकणं, किंवा जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळणं, म्हणजे वायरचं संरक्षणच काढून घेणं. मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायर वितळते.

सैल स्क्रूची उष्णता

घरातल्या विजेच्या आगी बऱ्याचदा वायरच्या मध्यावर लागत नाहीत, जोडावर लागतात. हिशेब सोपा आहे. एखाद्या सॉकेटमधला स्क्रू सैल राहिला आणि तिथे फक्त अर्धा ओहम रोध तयार झाला, तर आठ अँपिअरला त्या एका टोकावर ३२ वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते आणि ती शिसं वितळवते. तेवढीच उष्णता प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये, भिंतीच्या खाचेत, माणसं झोपलेली असताना पाच-सहा तास निघत राहिली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. विशेष म्हणजे इथे प्रवाह वाढलेला नसतो. तो आठ अँपिअरच असतो, त्यामुळे एमसीबीला काहीही कळत नाही.

सैल जोड कसे होतात, हेही पाहण्यासारखं आहे. एसी चालू झाला की टोक तापतं, बंद झाला की निवतं. या तापण्या-निवण्यात स्क्रू हळूहळू ढिला पडतो. अॅल्युमिनिअमची तार आणि तांब्याची तार एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळली असेल, तर दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यात कोकणातला पावसाळी दमटपणा, आणि जोड गंजतो. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटमध्ये एसीचा प्लग कसाबसा बसवणं किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर एसी चालवणं हे याच कारणासाठी घातक आहे. त्या पातळ पत्र्याच्या क्लिप एवढा भार तासन् तास सोसायला बनवलेल्याच नसतात.

घरच्या माणसाला करता येण्यासारखी एक तपासणी आहे. एसी अर्धा-पाऊण तास चालल्यावर बंद करायचा, स्विचही बंद करायचा, आणि हाताची मागची बाजू प्लगच्या प्लास्टिकजवळ न्यायची. कोमट लागला तर ठीक. चटका बसण्याइतका गरम असेल, प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालं असेल किंवा जळका वास येत असेल, तर वायरमन येईपर्यंत एसी लावायचा नाही.

२३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या पहाटे १३ रुग्ण दगावले, पुढे हा आकडा वाढला. आगीच्या कारणाबाबत पहिलं बोट दाखवलं गेलं ते एसीकडे. रुग्णालयाचा भार आणि घराचा भार यांत फार अंतर आहे, पण बंद खोली, सलग चालणारी यंत्रणा, भर उन्हाळा आणि झोपेची वेळ या चार गोष्टी घरातही जशाच्या तशा असतात. धूर आधी पसरतो, जाग नंतर येते.

मे महिन्यातली कोरडी जमीन

आता माणसाच्या जिवाशी थेट संबंध असलेला भाग. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्याने मरण पावतात. शरीरातून दहा मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला तरी स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीस मिलिअँपिअरच्या पुढे श्वास अडकतो, आणि त्याहून वाढला तर हृदयाचा ठोका बिघडतो. वीस अँपिअरचा एमसीबी याच्या शेकडो पट प्रवाहावर काम करतो. त्याचा जन्म वायर वाचवण्यासाठी झालेला आहे, माणूस वाचवण्यासाठी नाही.

माणूस वाचवण्याचं काम अर्थिंगचं, असं सगळेच जाणतात. पण शहापूर-मुरबाडच्या जमिनीत अर्थिंग कसं वागतं हे पाहिलं पाहिजे. इथे थोडं खणलं की मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. पावसाळ्यात ओल असते तेव्हा जमीन वीज बऱ्यापैकी वाहून नेते. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन भेगाळते, आणि तिचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. एसी सर्वांत जास्त चालतो ते नेमके हेच दोन महिने. घरामागे ठोकलेल्या दोन-तीन फुटांच्या सळईचं अर्थिंग या दिवसांत नावापुरतं उरतं.

समजा, बाहेरच्या युनिटमध्ये एक वायर घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली. अर्थिंगचा रोध ५० ओहम असेल तर २३० व्होल्टला फक्त साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह जमिनीत जाईल. वीस अँपिअरचा एमसीबी ढिम्म राहील. एसीचा पत्रा जवळपास पूर्ण दाबावर जिवंत राहील, कदाचित कित्येक तास. अर्थिंग उत्तम केलं, रोध ५ ओहमपर्यंत आणला, तरी प्रवाह ४६ अँपिअर होईल. 'सी' प्रकारचा वीसचा एमसीबी तत्काळ पडायला किमान शंभर अँपिअर लागतात. म्हणजे तोवर काही सेकंद जातील, आणि विजेच्या धक्क्यात काही सेकंद फार होतात.

इथे उपयोगी पडतो तो आरसीसीबी. दुकानदार आणि वायरमन त्याला सरसकट 'ईएलसीबी' म्हणतात. त्याची रीत वेगळी आहे. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तितकाच परत आला पाहिजे, एवढंच तो मोजत राहतो. तीस मिलिअँपिअर कुठे तिसऱ्याच वाटेने, म्हणजे पत्र्यातून किंवा माणसातून जमिनीत गेले, की निमिषात दोन्ही तारा तोडतो. वरच्या उदाहरणात ५० ओहमचं कमकुवत अर्थिंग असतानाही साडेचार अँपिअरची गळती त्याला दीडशे पट मोठी वाटते, आणि कुणी हात लावायच्या आधीच वीज बंद झालेली असते. कोरड्या जमिनीच्या या मुलखात आरसीसीबी ही चैन नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा घालून दिलेली आहे. दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास मिळणारं हे उपकरण तीस-चाळीस हजारांच्या एसीसोबत विकत घेतलं जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

दोन बारकावे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. इन्व्हर्टर एसीतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमुळे गळतीच्या प्रवाहाचं रूप बदलतं, म्हणून आरसीसीबी घेताना 'टाइप ए' मागावा. आणि आरसीसीबी जास्तीच्या भारावर पडत नाही, त्यामुळे एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही हवेत, किंवा दोन्ही कामं एकत्र करणारा आरसीबीओ.

आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंगला सुट्टी मात्र नाही. गळती वाहायला वाटच नसेल, तर आरसीसीबीला ती कळते ती माणसाने हात लावल्यावर. त्यामुळे निदान अडीच मीटर खोल जाणारा जीआय पाइप किंवा तयार इलेक्ट्रोड, भोवती ओल धरणारं मिश्रण, वर झाकणाचा चेंबर, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदोनदा त्यात बादलीभर पाणी, एवढं करायलाच हवं. झाल्यावर अर्थ टेस्टर लावून आकडा मोजून घ्यावा आणि तोही मे महिन्यात.

एक चुकीची युक्ती गावोगाव दिसते आणि ती जीवघेणी आहे. अर्थिंग नसलेल्या घरात सॉकेटच्या आत न्यूट्रलपासून अर्थच्या पिनेला छोटा तुकडा जोडून देतात. टेस्ट लॅम्प लावला तर बल्ब झगझगीत पेटतो आणि घरमालकाला अर्थिंग 'लागलं' असं वाटतं. पण वादळात, झाडाची फांदी पडून किंवा खांबावर जोड जळून न्यूट्रल तुटला, की फेजची वीज त्याच तुकड्यातून एसीच्या, फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येते. नवीन वायरमनकडून पहिली गोष्ट करून घ्यायची ती हीच: मेन बंद करून सॉकेट उघडायचं आणि असा तुकडा असेल तर काढून टाकायचा.

संध्याकाळचा कमी दाब

डोळखांब किंवा टोकावड्याकडच्या लांब फीडरवर संध्याकाळी सगळीकडचे दिवे, पंप आणि एसी एकदम लागले की दाब खाली येतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर साध्या कॉम्प्रेसरच्या मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी होतो. मोटर फिरत नाही, नुसती घुरघुरते आणि सुरुवातीचा प्रचंड प्रवाह ओढत तापते. अशा ठिकाणी योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लावावा आणि त्यात वीज परत आल्यावर तीनेक मिनिटं थांबण्याची सोय असावी. तेवढ्या वेळात गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा होतो. स्टॅबिलायझर कमी दाब वाढवून देताना वायरमधून जास्त प्रवाह खेचतो, त्यामुळे वायर जाड हवी ही अट इथे आणखी कडक होते.

बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. एसीची भर पडल्यावर तो वाढवून घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज करता येतो. हा कागदोपत्री उपद्व्याप नाही. गावात किती भार आहे हे नोंदीत दिसलं, तरच डीपीची क्षमता वाढवण्याची मागणी रेटता येते.

गच्चीवर आणि भिंतीवर

बाहेरचं युनिट चढवताना होणारे अपघात वेगळेच असतात. गावात वीजवाहिन्या घरांना खेटून जातात. नियमानुसार कमी दाबाच्या उघड्या तारेपासून बांधकाम आडव्या अंतराने निदान १.२ मीटर आणि छपरापासून उभ्या अंतराने २.५ मीटर लांब हवं. ११ केव्हीच्या तारेखाली हे उभं अंतर ३.७ मीटर आहे. अॅल्युमिनिअमची शिडी, लांब तांब्याची नळी किंवा ब्रॅकेटचा लोखंडी अँगल वर उचलताना हे अंतर क्षणात संपतं. जवळून तार जात असेल तर काम थांबवून १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवावं आणि पुरवठा बंद करून घ्यावा.

भिंतीला भोक पाडण्याआधी आतून वायर कुठून गेली आहे ते पाहून घ्यावं. भोकाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. आतल्या युनिटच्या बरोबर खाली सॉकेट ठेवू नये; ड्रेन तुंबला की थेंब त्यावरच पडतात. बाहेरच्या युनिटचं झाकण उघडायचं तर मेन बंद करूनच, आणि तरीही आतल्या कॅपॅसिटरला हात लावायचा नाही, कारण वीज बंद केल्यावरही त्यात विद्युत प्रभार शिल्लक राहतो. पाली, मुंग्या आणि उंदीर उबेसाठी याच पेटीत शिरतात आणि सर्किटवर शॉर्ट करतात. पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याआधी एकदा साफसफाई आणि सगळे स्क्रू घट्ट करणं यासाठी लागतं.

आणि काम कुणी करायचं? दिवा किंवा फ्यूज बदलणं वेगळं. नवीन वायरिंग मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदाराने, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं असतं. आयटीआयमधून तारतंत्री आणि वीजतंत्रीचे अभ्यासक्रम शिकून बाहेर पडलेली मुलं तालुक्यात आहेत. परवाना पाहायला मागण्यात कुणाचा अपमान नाही. काम झाल्यावर टेस्ट रिपोर्टही मागून घ्यावा.

काही झालंच तर

कुणाला वीज चिकटली तर आधी मेन स्विच. तो लांब असेल तर कोरड्या लाकडाने माणसाला बाजूला करायचं, हाताने नाही. श्वास किंवा नाडी नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची आणि १०८ ला फोन लावायचा. पाड्यावरून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचायला वेळ लागतो, म्हणून ही मधली मिनिटं घरच्यांच्या हातात असतात. माणूस उठून बसला, बरं वाटतंय म्हणाला, तरी ईसीजी काढून घ्यावा. आग लागली तर वीज तोडल्याशिवाय पाणी मारायचं नाही.

यंदा एसी घ्यायचा विचार असेल तर दुकानात जाण्याच्या आठवडाभर आधी वायरमनला घरी बोलवा. त्याच्याकडून स्वतंत्र चार एमएमची वायर, मोजलेलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी या तीन गोष्टी पक्क्या करून घ्या, आणि एसीच्या बजेटमध्ये त्यांचे पैसे पहिल्यांदा बाजूला काढा. घरात आरसीसीबी आधीच असेल, तर त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून पाहा. दाबल्याबरोबर वीज गेली नाही, तर तो त्याच दिवशी बदला.